डेंगळे

आमच्या निफाडकडे कांद्याच्या वाफ्यात डेंगळा दिसला की घरातल्यांची तोंडं उतरतात. डेंगळा म्हणजे कांद्याचा फुलदांडा. तो आला की कांदा पोसत नाही, त्याच्या मानेत टणक दांडा राहतो, चाळीत तो टिकत नाही आणि भाव पडतो. लहानपणी मी आणि धाकटा भाऊ सकाळी सकाळी डेंगळे मोडायला जायचो. आता मी नेदरलँड्समध्ये, लायडन आणि हार्लेमच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यात राहते. ट्यूलिपच्या कंदाला दांडा यावा, वेळेवर यावा, लांब यावा, याचा अभ्यास करायचा मला पगार मिळतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तिकडं मुद्दाम आणतात?"

दर जानेवारीत शेजारपाजारचं कोणीतरी ओशाळून विचारतं, की कंद लावायचे राहूनच गेले, आता काय करू? घरच्या बागेत ट्यूलिप लावायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. माझं उत्तर ठरलेलं: लावा, आजच लावा. बी वर्षभर डब्यात राहतं, कंदाचं तसं नाही. ट्यूलिपचा कंद दर हंगामात स्वतः संपतो आणि मागे नवे कंद ठेवतो. पुढच्या वर्षासाठी म्हणून ठेवलेला कंद वाळतो, नाहीतर बुरशीच्या तोंडी जातो. अंगठ्यानं दाबून बघायचं. घट्ट लागला तर लावायचा, पोकळ लागला तर फेकायचा. नार्सिससला मात्र हा सल्ला मी देत नाही, त्याला लवकर मुळं धरायची असतात.

जून-जुलैत जमिनीतून काढलेला ट्यूलिपचा कंद निपचित दिसतो. पण उन्हाळा सरता सरता तो उभा चिरून भिंगाखाली धरा. मधोमध अख्खं फूल तयार असतं: सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधे तीन पाळ्यांचा स्त्रीकेसर, सगळं मिळून काही मिलिमीटर. आमच्या भाषेत ही 'जी' अवस्था. मी शेकडो कंद चिरलेत, तरी दर वेळी क्षणभर सुरी थांबतेच.

फूल तयार असतं, पण दांडा लांबत नाही. त्यासाठी थंडी लागते, जातीनुसार साधारण बारा ते सोळा आठवडे. या काळात साठवलेल्या पिठाची साखर होत जाते आणि दांड्याच्या पेशी ताणल्या जाण्याच्या तयारीला लागतात. थंडी कमी पडली तर फूल पानांतच बुटकं उमलतं, किंवा आतल्या आत सुकतं. ट्यूलिपचं मूळ घर मध्य आशियातल्या डोंगरांत, तिएनशानच्या बाजूला. तिथं हिवाळा उलटला हे खात्रीनं कळल्याशिवाय डोकं वर काढणं परवडण्यासारखं नव्हतं.

ही थंडी मातीतलीच हवी असं नाही. 1920च्या दशकात वाखेनिंगेनला वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लाऊ यांनी कंदांना वेगवेगळ्या तापमानांत ठेवून हे गणित मांडायला घेतलं. आज कोरडे कंद पाच अंशांच्या शीतगृहात ठेवून हवा तेव्हा बहर आणतात. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत फुलणारे ट्यूलिप याच जोरावर फुलतात. कंद इथून थंडी खाऊनच जातात आणि डिसेंबरात तिथं लागतात. म्हणून शेजाऱ्याला मी आधी विचारते, पिशवी कुठं होती? गार शेडमध्ये असेल तर थंडीचे बरेच आठवडे जमा झालेत. हीटरशेजारच्या कपाटात असेल तर खातं रिकामं.

कांद्याचंही कुलूप थंडीच उघडते, फक्त क्रम उलटा. ट्यूलिपमध्ये फूल आधी बनतं, थंडी त्याला वर काढते. कांद्यात पुरेसं जाड झालेल्या रोपाला थंडी लागली की मग फूल बनायला सुरुवात होते. आईच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच बांधावर होतं. बियाण्यासाठी पोसलेले कांदे, म्हणजे गोट, आपण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतो, ते थंडीनं डेंगळे यावेत म्हणूनच.

गेल्या जानेवारीत माझेच चाळीस कंद सायकलींमागे सापडले. तज्ज्ञाच्या घरी! माती इतकी गोठलेली की फावडं टणकन उडालं. मग कुंड्या काढल्या, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खुपसले आणि कुंड्या भिंतीच्या आडोशाला ठेवल्या. त्याच आठवड्यात भाऊ रांगडा कांदा काढून उन्हाळ कांद्याची लागण करत होता. व्हिडिओ कॉलवर आम्ही एकमेकांना चिखलाचे हात दाखवले.

माझे ट्यूलिप मे महिन्यात आले, वीतभर दांड्याचे. भावाचा फोटो मात्र मार्चमध्येच येऊन पडला होता. वाफाभर हिरवे दांडे, टोकाला पांढऱ्या बोंडांसारखे गोंडे. खाली लिहिलं होतं, "ताई, माझे आधी फुलले."