सी-सॉचा स्वभाव

एजिलिटी म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचा खेळ. त्याच्या मैदानावरचे बाकी सगळे अडथळे आपापल्या जागी मुकाट उभे असतात. हर्डलवरून उडी मारायची, बोगद्यातून धावत जायचं, ए-फ्रेम चढून उतरायची, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी निघायचं. कुत्र्याने काय करायचं ते ठरलेलं असतं आणि अडथळा तसूभरही हलत नाही. सी-सॉ मात्र कुत्रा अंगावर चढल्यावर जागा होतो.

दिसायला तो अगदी साधा आहे. साडेतीन मीटरांहून थोडी जास्त लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद अशी एक फळी, मध्यभागी आधार, वर पाय घसरू नये म्हणून खरखरीत थर. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मधली उंची ६० सेंटीमीटर असते. दोन्ही टोकांना ९० सेंटीमीटरचे वेगळ्या रंगाचे पट्टे रंगवलेले असतात. चढताना आणि उतरताना कुत्र्याचा निदान एक पंजा त्या पट्ट्यांवर पडलाच पाहिजे. बागेतला सी-सॉ दोघांचा असतो, इकडे एक मूल, तिकडे दुसरं. इथे एकट्या कुत्र्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावं लागतं, आणि समोरचं टोक जमिनीला टेकेपर्यंत फळी सोडता येत नाही. आधीच उडी मारली की गुण कापले जातात.

एजिलिटीचा हा खेळ १९७८ साली लंडनच्या ऑलिम्पियात क्रफ्ट्सच्या श्वानप्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आला. कल्पना घोड्यांच्या अडथळा-उड्यांवरून घेतलेली होती. पण त्या उड्यांमध्ये घोड्याच्या वाट्याला पायाखालून सरकणारी फळी येत नाही. ती कुत्र्यांच्याच नशिबी.

सी-सॉचा एक मोठा भाऊ आहे, डॉग वॉक. त्याचीही फळी तेवढीच रुंद आणि चढही तसाच. पण तो स्थिर. कुत्रं त्याच्या भरवशावर धावत येतं, सी-सॉच्या मध्यापर्यंत पोचतं आणि पायाखालची जमीनच निघून जाते. पाठोपाठ फळी जमिनीवर आदळते, धाडकन. भीती या दोन गोष्टींची असते, हलण्याची आणि आवाजाची.

लहान कुत्र्याची परीक्षा आणखी कठीण. वीस किलोच्या कुत्र्याने मध्य ओलांडला की फळी लगेच कलते. चार किलोच्या कुत्र्याला बरंच पुढे, जवळजवळ हवेतल्या टोकाकडे जावं लागतं, तेव्हा कुठे ती त्याचं वजन ओळखते. मग उतरतेही सावकाश. ते टोक सुरुवातीला जमिनीपासून सुमारे १२० सेंटीमीटर वर असतं. खांद्यापाशी ३५ सेंटीमीटरही न भरणाऱ्या जिवाला ती स्वतःच्या तिपटीहून जास्त उंची आहे. म्हणून नियमांनीच सी-सॉला शिस्त लावली आहे. उतरत्या पट्ट्याच्या मध्यावर एक किलो वजन ठेवलं की फळी दोन ते तीन सेकंदांत खाली आली पाहिजे. त्याने लहानांचंही ऐकावं, यासाठी ही अट.

आमची ठमी अशीच लहानखुरी. सी-सॉ दिसला की तिची शेपूट पोटाखाली जायची, कान मागे पडायचे, जीभ पुन्हा पुन्हा नाकावरून फिरायची. झोप आलेली नसताना ती जांभया द्यायची. उकडलेल्या चिकनची फोड समोर धरली तरी तोंड फिरवायची. एरवी खादाड असलेलं कुत्रं खायला नाकारतं, तेव्हा त्याने आपलं म्हणणं स्पष्ट सांगितलेलं असतं. तिथे थांबायचं आणि मागे जायचं.

मग ओळख खालच्या टोकापासून सुरू झाली. टोक जमिनीपासून चार बोटं उचलून धरलं, खाली जाड सतरंजी घातली. ठमीने आपणहून पुढचे पंजे ठेवले की फळी टेकायची, आवाज दबका व्हायचा आणि लगेच फोड मिळायची. पुढे सतरंजीची घडी पातळ होत गेली, आवाज मोठा होत गेला. पण तोवर तो तिचा झाला होता. तो तीच काढत होती. काही दिवसांनी ती मुद्दाम पंजे आपटून आमच्याकडे पाहू लागली.

त्यानंतर दोन्ही टोकांखाली ठोकळे ठेवले, म्हणजे फळी जेमतेम वीतभर हलेल. टोकाला पोचून थांबायचं, झोका संपेपर्यंत खात राहायचं, मग खाली. ठोकळे हळूहळू कमी उंचीचे होत गेले. हवेतलं टोक एक जण हाताने धरून अलगद खाली आणत असे, कारण लहान कुत्र्याला एकदा जोराचा हिसका बसला की आधीची सगळी मेहनत वाया जाते. तिला मध्येच उतरावंसं वाटलं तर उतरू दिलं. तिचा उत्साह टिकून असतानाच सराव थांबवला.

सी-सॉला मी जवळून पाहिलं आहे आणि माझं मत पक्कं आहे. तो दुष्ट नाही, लहरीही नाही. जेवढं वजन, तेवढाच कलतो. आज जसा वागला तसाच उद्याही वागतो. ज्या कुत्र्याला हे स्वतःच्या पंजांनी कळतं, ते त्याला घाबरत नाही. जे पट्ट्याने ओढून त्याच्यावर चढवलं जातं, त्याला हे कळायची संधीच मिळत नाही. ते फक्त एवढंच शिकतं की भीती वाटली तरी आपली माणसं ऐकत नाहीत.

म्हणून तुमचं छोटं कुत्रं त्या फळीसमोर अडलं, तर पट्टा सैल सोडा. फळी खाली घ्या, आवाज मऊ करा आणि पहिला पंजा त्याला स्वतः ठेवू द्या. उशीर झाला तरी हरकत नाही.