पैजेची गोष्ट

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या नातीने आणि तिच्या कॉलेजातल्या मित्रमंडळींनी एक पैज मांडली, आणि तिच्यात मी नाहक सापडलो.

बाहेर झड लागली होती. ओसरीवर पाचसहा जणांचा अड्डा जमला होता. भज्यांची दुसरी ताटली संपली होती आणि बोलण्याचे विषयही संपत आले होते. तेव्हा कुणीतरी टूम काढली, की प्रत्येकाने एक गोष्ट लिहायची. नायक दुबळा लढवय्या. त्याच्यासमोर असा दुष्ट, की जो आजवर कुणाला हरला नाही आणि पुढे हरण्याची शक्यताही नाही. नायकाने जिंकलेच पाहिजे. मात्र ऐनवेळी वीज पडता कामा नये, देव धावून येता कामा नये, दुष्टाला घेरी येता कामा नये. जो अट मोडील त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची.

‘‘आजोबा, तुम्हीसुद्धा हं!’’ नात म्हणाली. सारा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेलेला. तरुणपणी दोनचार गोष्टी छापूनही आलेल्या. नाही म्हणणे मला शोभले नसते.

रात्री कागद घेऊन बसलो आणि लक्षात आले, की पोरांनी आपल्याला चांगलेच कोंडीत धरले आहे. दुष्ट खरोखर अजिंक्य असेल तर नायक जिंकणार कसा? आणि नायक जिंकला, तर तो दुष्ट अजिंक्य कसला? एक खरे करावे तर दुसरे खोटे पडते.

हा पेच आपल्या पुराणकारांनाही पडला असला पाहिजे. त्यांनी त्यातून मोठी नामी वाट काढली. रावणाने देव, गंधर्व, यक्ष, राक्षस यांच्या हातून मरण येऊ नये असा वर मागितला. माणसांचे नाव घेण्याची त्याला गरजच वाटली नाही. महिषासुराने बाईला अबला समजून मोकळी सोडली. हिरण्यकशिपूने तर वकिलाच्या काटेकोरपणाने सगळ्या वाटा बुजवल्या. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. तरी उंबरठा आणि तिन्हीसांज तेवढी राहून गेली. ज्याला आपण खिजगणतीत धरत नाही, नेमके त्याच दाराने मरण आत येते, असे या कथा सांगतात. मला त्या फार आवडतात. पण नातीपुढे ठेवल्या असत्या तर ती म्हणाली असती, ‘‘देव आलाच की हो, आजोबा!’’

मग मला किन्शासाची लढत आठवली. 30 ऑक्टोबर 1974. जॉर्ज फोरमन चाळीस लढती लढून चाळीसही जिंकलेला. त्यांतल्या सदतीस लढतींत प्रतिस्पर्ध्याला शेवटपर्यंत उभेच राहू दिलेले नाही. ज्या फ्रेझरने आणि नॉर्टनने महंमद अलीला हरवले होते, त्या दोघांनाही फोरमनने दुसऱ्याच फेरीत लोळवले होते. अली बत्तीस वर्षांचा, फोरमन पंचविशीतला. अली दोरांना रेलून उभा राहिला, हातांची ढाल करून मार खात राहिला आणि मारणाऱ्याला दमू दिले. आठव्या फेरीत फोरमन खाली पडला. तेव्हा ही हकीकत मी शाळेच्या वाचनालयात वर्तमानपत्रातून वाचली होती आणि तासाला पाच मिनिटे उशिरा गेलो होतो! पण अली काही दुबळा नव्हता. एके काळचा जगज्जेता. आणि फोरमन दुष्ट नव्हता. पुढे ते दोघे मित्र झाले.

इथवर आलो आणि लेखणी थांबली. खरे म्हणजे पहिल्या क्षणापासून मी ज्या गोष्टीला बगल देत होतो, ती आता समोर येऊन उभी राहिली. कारण पैजेतली ही गोष्ट मी पूर्वी एकदा लिहिली होती.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, तरुणपणी कुस्ती करत. कोल्हापूरच्या बाजूला, शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधलेल्या मुलखात, कुस्ती न करणाराच वेगळा दिसे. दादा काही नामांकित मल्ल नव्हते. अंगाने सडपातळ, खुराक बेताचा. विशीत असताना एका जत्रेच्या फडात ते गेले होते. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या झाल्या, रुपयांच्या झाल्या. शेवटच्या कुस्तीचा जोड आलाच नाही. तेव्हा त्या पंचक्रोशीत कधीच पाठ न लागलेला एक थोराड मल्ल हात वर करून हौद्याभोवती फिरला. हलगी वाजत होती. कुणी पुढे येईना. दादा उठले, कपडे काढले आणि मातीत उतरले. पुरती दोन मिनिटेही लागली नाहीत. दादा चीत झाले.

ही हकीकत लहानपणी चुलत्यांच्या तोंडून हसतहसत ऐकलेली. मला तिची लाज वाटे. वीस वर्षांचा झाल्यावर मी तिची गोष्ट केली. मोठ्या मल्लाला उन्मत्त केला, सावकाराचा हस्तक केला, त्याच्या मिशांना पीळ दिला आणि शेवटी दादांच्या हातून ढाक लावून त्याला अस्मान दाखवले. गोष्ट एका मासिकात छापून आली. मी अंक दादांच्या हाती दिला.

दादांचे वाचन सावकाश. कंदिलापाशी बसून, ओळीवर बोट ठेवून त्यांनी सगळी गोष्ट वाचली. अंक मिटला. मग म्हणाले,

‘‘चांगली लिव्हलीस. पर त्या दिशी पडला तो मी हुतो. त्येला कुठं घालवलास?’’

मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, ‘‘आन् तो गडी वाईट नव्हता रं. मला पाडल्यावर त्यानंच हात दिऊन उठवलं. पाठीची माती झाडली.’’

‘‘हरणार हे ठाऊक होतं, तर उतरलात कशाला?’’ मी विचारले. आवाजात थोडा रागच होता.

‘‘समदं मैदान गप झालं हुतं,’’ दादा म्हणाले. ‘‘ती गप मला सोसंना.’’

जरा थांबून ते पुढे म्हणाले, ‘‘खाशाबा हेलसिंकीत जपानच्या गड्याकडनं हरलाच की. म्हणून गोळेश्वराच्या लोकांनी बैलगाड्या जुपायच्या ठेवल्या का?’’ 1952 साली खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दादांना त्या मिरवणुकीचे भारी कौतुक. पण त्यांना आठवत होती ती पदकाबरोबर हारही.

दादांना जाऊन आता खूप वर्षे झाली. ती गोष्ट दुरुस्त करून त्यांना दाखवायची राहून गेली. बापाचा पराभव पुसून टाकण्यात मी त्यांचा मान वाढवतो आहे असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात धीराची दोन मिनिटेच मी खोडून टाकली होती. दुबळ्याला जिंकवण्याची आपल्याला एवढी घाई का असते? तो उतरला, एवढे आपल्याला पुरत का नाही?

त्या रात्री मी ती गोष्ट पुन्हा लिहिली. मिशांचा पीळ काढला. सावकार काढला. मैदान गप्प झाले ते लिहिले, दादा उतरले ते लिहिले, पाठीला माती लागली तीही लिहिली, आणि माती झाडणारा तो मोठा हात लिहिला.

पुढच्या रविवारी मंडळी जमली. कुणाच्या गोष्टीत विष होते, कुणाच्या गोष्टीत जुळा भाऊ. माझी वाचून झाल्यावर क्षणभर कुणी बोलले नाही. मग एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, ‘‘पण आजोबा, नायक हरला! तुम्ही अट मोडलीत.’’

‘‘मोडली खरी,’’ मी म्हणालो.

नात काही बोलली नाही. तिने माझ्या हातातले कागद घेतले आणि पहिल्या पानावरून पुन्हा वाचू लागली.

मिसळीचे पैसे मी दिले. कट अंमळ झणझणीत होता.