करून घेणारी

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन घरी आले, तेव्हा रुग्णसेवा ब्यूरोच्या मावशी आधीच ठरल्या होत्या. चोवीस तासांच्या. सून-मुलाने चौकशी केली, पगार ठरवला, मला फोटो दाखवला.

अंगाला परका हात लागण्याची लाज फार टिकत नाही. वेदना ती लवकर घालवतात. टिकतात त्या भलत्याच गोष्टी. जन्मभर पहाटे आंघोळ केली. आता नऊला, कारण मावशींना लगेच कपडे धुवायला घालायचे असतात. चहात आलं किती, पंखा केवढा, खिडकी कधी लावायची, सगळं त्यांच्या सोयीने. वाईट कुणीच वागत नाही, त्यामुळे तक्रार करायला तोंडच उरत नाही. डॉक्टर येतात आणि मावशींना विचारतात, "आजींना झोप लागते का?" आजी समोरच बसलेल्या असतात, आणि त्यांना ऐकू चांगलं येतं!

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकातल्या नाना-नानींना बोलायला माणूस हवं होतं. मला कधी कधी तासभर कुणीही नको असतं, आणि ते सांगायचं कसं हे कळत नाही.

मावशींची आजारी सासू गावी आहे. तिचं जाऊबाई करतात आणि मावशी माझं करतात. पगारातून ब्यूरोचं कमिशन कापून उरलेलं गावी जातं. हे कळल्यापासून रात्री हाक मारायला जीव धजत नाही. एकदा उठवलं की दुसऱ्यांदा नको वाटतं. म्हणून मी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. घरच्यांना वाटतं, वयाने तहान कमी झाली. माझ्या वयाच्या कितीतरी बायका हेच करतात. फोनवर एकमेकींना सांगतो, मुलांना नाही.

मावशींचा पगार मात्र कुठल्या योजनेत बसत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून आयुष्मान भारत योजनेखाली, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. हाड बसवून घरी आल्यानंतरच्या महिन्यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा. आमच्याकडे पेन्शन आहे, म्हणून मावशी आहेत. पेन्शन नसलेल्या घरात सून नाहीतर लेक नोकरी सोडते, आणि तिला पगारही नसतो.

आईवडिलांसाठी माणूस ठेवणार असाल, तर ठरवताना त्यांना शेजारी बसवा. आंघोळ किती वाजता हवी, हे त्यांनाच विचारा. आणि रात्री पाणी का पीत नाहीत, तेही.