नोरी आत, भात बाहेर

कॅलिफोर्निया रोल म्हणजे सुशीतलं मंचुरियन. मुंबईत जन्मलेल्या मंचुरियनचं चीनशी जेवढं नातं, तेवढंच याचं जपानशी. आत अ‍ॅवोकॅडो, काकडी आणि खेकडा, किंवा खेकड्याच्या चवीची माशाची कांडी. आणि रचना उलटी. एरवी नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा काळा कागद, बाहेर असतो आणि भात आत. इथे भात बाहेर.

हे कुणी केलं, यावर वाद आहे. एक दावा लॉस एंजेलिसच्या 'टोकियो काइकान'मधल्या इचिरो माशिता यांच्या नावावर. ट्यूनाचा चरबीदार भाग वर्षभर मिळेना, म्हणून तसाच लोण्यासारखा अ‍ॅवोकॅडो आला, अशी ती गोष्ट. दुसरा दावा हिदेकाझु तोजो यांचा. ते १९७१ मध्ये जपानहून व्हँकुव्हरला आले. गिऱ्हाइकांना नोरी आवडेना, म्हणून त्यांनी ती आत लपवली. भाजलेल्या सॅमनच्या कुरकुरीत कातडीचा 'बीसी रोल'ही त्यांचाच. बीसी म्हणजे तिथला प्रांत, ब्रिटिश कोलंबिया.

फिलाडेल्फिया रोलची वेगळीच गंमत. धुरी दिलेला सॅमन आणि क्रीम चीज. नाव शहराचं वाटतं, पण आलंय चीजच्या ब्रँडवरून, आणि ते चीज मूळचं न्यूयॉर्क राज्यातलं! ब्राझीलमध्ये तर असे रोल चक्क तळून खातात.

मी तीन वर्षं सिॲटलमध्ये कोड लिहिते. टीममधला एकजण असे रोल दिसले की म्हणतो, "ही खरी सुशी नाही." मला ते वाक्य खुपतं, कारण थोड्या फरकानं ते माझ्याही वाट्याला येतं. भाजणी संपली की मी ओट्स आणि बेसनाचं थालीपीठ लावते. व्हिडिओ कॉलवर ते बघून आत्या म्हणाली, "याला थालीपीठ म्हणू नकोस हं. तिकडे राहून तुझं सगळंच तसलं झालंय." आईनं एवढंच विचारलं, "मधे भोकं पाडलीस ना? मग झालं."

आईचं म्हणणं सुशीलाही लागू पडतं. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे, व्हिनेगर घातलेला भात. मासा बदलला, नोरी लपली, चीज घुसलं, तो भात मात्र राहिला. परक्या गावात जे मिळालं त्यात कुणीतरी आपलं जेवण उभं केलं, त्याची खूण या रोल्समध्ये आहे. त्याला खोटं कसं म्हणायचं?

२०१६ मध्ये जपान सरकारनं तोजोंना जपानी खाद्यसंस्कृतीचे सदिच्छादूत नेमलं. आत्याला हे अजून सांगायचंय.