घराचें छत आणि घरचें गाणें

घर बांधतांना मनुष्य छताचा विचार करितो तो ऊन व पाऊस यांच्या भयानें. तेंच छत आपलें बोलणें ऐकतें आणि परत ऐकवितें, हें त्याच्या ध्यानीं क्वचितच येतें. विजापूरच्या गोलघुमटांत जो उभा राहिला असेल त्याला मात्र हें निराळें सांगावयास नको. इ. स. १६५६ च्या सुमारास पुरी झालेली ती वास्तू एका कडेची कुजबूज समोरच्या कडेस पोंचविते व एका टाळीच्या अनेक टाळ्या करिते. कौतुकास हें ठीक, गाण्यास घातक.

आमच्या पोशीरच्या घरीं हा प्रश्न आला तो आत्याबाईंच्या ओव्यांमुळें. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्या, असें मुलांनीं मनावर घेतलें. जुन्या माजघरावर उतरतीं कौलें आहेत. परंतु दिवस आषाढाचे, आणि कौलांवर पावसाचा मारा असा कीं शेजारचें बोलणें ऐकूं येऊं नये. म्हणून नव्या खोलीकडे वळणें भाग पडलें. तिच्यावर दहा फूट उंचीचा सपाट स्लॅब आहे. त्याच्या वजनानें पावसाचा आवाज अडला खरा. परंतु आत्याबाईंचे कांहीं स्वर घागरींतून आल्यासारखे घुमूं लागले व त्यांच्या शेजारचे साधेच राहिले.

याचें कारण असें. ध्वनि सेकंदास सुमारें ११३० फूट चालतो. जमीन व तिला समांतर असलेलें छत यांमध्यें तो वरखालीं फिरत राहतो, आणि त्या उंचींत ज्यांच्या लहरी नेमक्या बसतात तीं कंपनें फुगतात: सेकंदास सुमारें ५६, मग त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. चौपट म्हणजे सुमारें २२५. स्त्रियांचा आवाज पुष्कळदां याच टापूंत वावरतो. उतरत्या कौलांवर आदळलेला ध्वनि बाजूस वळतो, थोडा फटींतून निसटतो, आणि ओवी स्वच्छ उमटते.

मऊ वस्तु ध्वनि गिळतात, हें हार्वर्ड विद्यापीठांत वॉलेस सबाइन यांनीं १८९५ पासून व्याख्यानगृहांत गाद्या मांडून मोजलें. आमच्या घरीं गाद्यांच्या जागीं गोधड्या आल्या. मात्र गोधडी छताला चिकटवून उपयोग नाहीं. छताशीं हवा थबकलेली असते, आणि गोधडी गिळते ती हवेची हालचाल. २२५ कंपनांची ही हालचाल छताखालीं सुमारें सव्वा फुटावर सर्वांत अधिक. तेवढ्या अंतरावर, आत्याबाईंच्या बैठकीच्या वर, जाड गोधड्यांची चवड टांगली आणि घुमणें पुष्कळच ओसरलें.

खास ध्वनिगृह बांधावयास वर्ष लागेल; ऐंशी वर्षांचा कंठ तोंवर थांबेलच, असें कोणीं सांगावें? आत्याबाईंचें मन मात्र माजघराकडेच आहे. जात्याच्या खुंट्यावर हात पडल्याखेरीज त्यांना पुढची ओवी आठवत नाहीं, आणि जातें तेथेंच आहे. पाऊस उघडला म्हणजे त्याच ओव्या कौलांखालीं पुन्हा घ्यावयाच्या, जात्याच्या घरघरीसकट.