करडा पळस

ड्रोनच्या मेनूत रंगांची एक यादी असते. तिच्यात खाली कुठेतरी 'ब्लॅक अँड व्हाइट' होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, कुरखेड्याच्या पुढच्या एका गावाबाहेर, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर उभं राहून मी ते निवडलं. फिल्म कृष्णधवल करायचं ठरलेलंच होतं, मग रंग हवेत कशाला? कार्डावरची जागाही वाचेल असं वाटलं. तीही वाचत नाही, फाइल जवळपास तेवढीच होते, हे नंतर कळलं.

त्या सकाळी गावाच्या तिन्ही अंगांनी पळस फुलला होता. फाल्गुनातला ऐन बहर. सागानं पानं टाकलेली, खाली पाचोळा, आणि त्यात मधेमधे निखाऱ्यांसारखी झाडं. मी दोन बॅटऱ्या संपेपर्यंत त्यांच्यावरून ड्रोन फिरवला. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, उन्हात डोळे बारीक करून पाहताना सगळं झकास दिसत होतं. रात्री चंद्रपुरात येऊन मोठ्या मॉनिटरवर क्लिप लावली तर पळस कुठेच नव्हता. म्हणजे झाडं होती, पण फूल, पाचोळा, वाळकी फांदी, लाल माती, सगळ्यांचा एकच करडा. राखेच्या ढिगात राख शोधावी तसं.

माझं चंद्रपुरात एडिटिंगचं छोटं दुकान आहे. लग्नं, बारशी, निवडणुकीच्या हंगामात एखादी प्रचारफिल्म. कृष्णधवलचा माझा अनुभव म्हणजे विदाईच्या वेळी नवरी रडते ती आठ सेकंदं; तिथे रंग काढायचा, पियानो टाकायचा, काम झालं. त्या भांडवलावर मी एका संस्थेची बारा मिनिटांची फिल्म अंगावर घेतली. कल्पना चांगली होती. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. त्याच्या एका अंगाला कोळशाच्या उघड्या खाणी आणि औष्णिक केंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला ग्रामसभांनी राखलेलं जंगल. दोन्ही वरून दाखवायचं, कृष्णधवल, निवेदन कमीत कमी. चिमण्यांकडे ड्रोन नेला नाही, ते चित्र दुरून ट्रायपॉडवर घेतलं. गडचिरोलीतल्या त्या गावासाठी पोलिसांचं पत्र घेतलं, गावपाटलांना भेटलो, १२० मीटरची मर्यादा पाळली. कागदावर माझ्याकडून काही चुकलं नाही. चुकलं ते बाकी सगळं.

करड्याचं गणित मला माहीत नव्हतं, हे मान्य करायला लाज वाटते, कारण पंधरा वर्षं मी यावर पोट भरतोय. व्हिडिओतला रंग काढला की उरणारा उजेड तिन्ही रंगांतून सारखा येत नाही. आजच्या एचडी मापात त्यातला सुमारे ७२ टक्के हिस्सा हिरव्याचा, २१ टक्के लाल, आणि निळ्याचा जेमतेम ७. पळसाचा केशरी डोळ्याला पेटल्यासारखा वाटतो तो रंगामुळे, उजेडामुळे नव्हे. उजेडाच्या मापात तो आणि वाळलेलं सागाचं पान शेजारीशेजारी बसतात. यावर उपाय आहे, आणि जुना आहे. छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं १९२७ साली योसेमिटीतल्या कड्याचा फोटो घेताना भिंगापुढे गडद लाल काच लावली आणि निळं आभाळ जवळजवळ काळं करून टाकलं. त्याच्याही आधीच्या मूकपटांच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे; त्या फिल्मवर हाच पळस काळाभोर आला असता. आज ती काच सॉफ्टवेअरमध्ये असते, चॅनेल मिक्सर नावानं. लाल वाढवा, पळस उजळतो. लाल घटवा, बुडतो. पण त्यासाठी मूळ चित्रात रंग असावा लागतो. मी तो बोडीच्या पाळीवरच टाकून आलो होतो.

नऊ दिवसांनी परत गेलो. या वेळी रंगीत. पण पळस झडला होता. झाडाखाली सुकलेल्या फुलांचा सडा आणि वर नुसत्या काड्या. त्यात मी चंद्रपूरहून आरामात आठला निघालो, गडचिरोलीत नाश्ता केला, गावात पोचेतो बारा वाजत आले. बाराच्या उन्हात सरळ खाली पाहणारा ड्रोन म्हणजे झेरॉक्स मशीन. सावली झाडाच्या बुडाशी गोळा झालेली. उंचवटा कुठे, खोलगट कुठे, काही कळत नाही. धान कापून गेलेल्या बांध्या फरशीसारख्या सपाट. रंगीत चित्रात हे खपतं, कारण डोळा रंगावरून वस्तू वेगळ्या करतो. कृष्णधवलमध्ये वरून दिसणारा आकार सगळा सावलीवर उभा असतो. पहिल्या दिवशी उजेड होता तेव्हा रंग नव्हता, आणि आता रंग होता तर उजेड नव्हता.

मग मी घाबरलेला एडिटर जे करतो ते केलं. इफेक्ट टाकले.

आधी कॉन्ट्रास्ट, काळं इतकं ओढलं की सावल्यांच्या जागी भोकं पडली. मग चॅनेल मिक्सरमध्ये हिरवा वर नेला, म्हणजे जी थोडी पानं होती ती इन्फ्रारेड फोटोसारखी पांढरी झाली. लाल दुप्पट आणि निळा उणे केल्यावर आभाळ काळं झालं खरं, पण त्यात चौकोनी ठिपके वळवळू लागले. माझा ड्रोन उजेड पूर्ण बारकाईनं नोंदवतो आणि रंग चार ठिपक्यांत एक. रंगाला एवढं ताणलं की शिवण उसवते. ती झाकायला फिल्म ग्रेन टाकला. ग्रेन छान दिसला म्हणून ओरखडे टाकले. ओरखडे आले म्हणून जुन्या प्रोजेक्टरसारखा उजेड लुकलुकवला. कडांना काळोखी दिली. बाराच्या उन्हाला सकाळ करण्यासाठी अर्ध्या चित्रावर तिरपा उजेड रंगवला. डोक्यात कुठेतरी 'कागज के फूल' या सिनेमातला, छायालेखक व्ही. के. मूर्तींचा तो प्रकाशाचा झोत होता. मूर्तींनी तो आरसे लावून, खरं ऊन आत आणून मिळवला होता. मी माउसनं ओढत होतो.

एक रात्र 'फक्त पळस केशरी, बाकी सगळं करडं' या नादात गेली. लग्नाच्या व्हिडिओत लाल शालूवर हे हमखास चालतं. पळस नव्हताच, म्हणून खालच्या सुकल्या फुलांचा केशरी पकडायला गेलो. सॉफ्टवेअरनं फुलांबरोबर घरांवरचे कवेलू पकडले, माती पकडली, एका आजीचं लुगडं पकडलं आणि कोंबडा पकडला. पहाटे तीनला मी पडद्यावर एक केशरी कोंबडा पाहत बसलो होतो. तो काढून टाकला, एवढी अक्कल शाबूत होती.

ड्रोनच्या चालीशी केलेले खेळ मात्र राहिले. जवळ जाणारे शॉट माझ्याकडे कमी होते आणि मागे जाणारे जास्त, म्हणून दोन उलटे फिरवले. नदीचा एक शॉट डावीकडून उजवीकडे हवा होता, तो आरशासारखा पालटला. खाणीच्या मातीचा ढिगारा आणि गावामागचा डोंगर यांचे आकार जुळले, म्हणून एकातून दुसरा उगवताना दाखवला. इतका बेमालूम की मी स्वतःवर खूश होऊन तो तुकडा मित्रांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपनं ग्रेनचा चिखल केला. एकानं उलट विचारलं, 'पावसात काढला का?' तिथेच थांबायला हवं होतं.

संस्थेनं गावात दाखवायचं ठरवलं. ग्रामसभेच्या इमारतीसमोर पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, साठेक माणसं, पुढे पोरं. पहिली दोन मिनिटं शांतता. मग उलटा फिरवलेला शॉट आला. तो निवडताना मी फक्त ड्रोनची चाल पाहिली होती. पोरांनी पाहिलं की बैलजोडी मागे मागे चालतेय आणि एका घराचा धूर वरून खाली येऊन कवेलूत शिरतोय. असा हशा पिकला की चादर हलली. पुढे नदी आली तर मागून आवाज, 'नदी उलटी काऊन चालली?' पालटल्यामुळे शाळा देवळाच्या या बाजूला आली होती आणि हापशी भलत्याच टोल्यात, म्हणजे वस्तीत. बाहेरच्या कुणालाही हे कळलं नसतं. माझ्या डोक्यातला प्रेक्षक बाहेरचाच होता, हे तिथे चटईवर बसल्यावर कळलं.

ढिगाऱ्यातून डोंगर उगवला तेव्हा कुणीच काही बोललं नाही. त्यांना तो त्यांचाच डोंगर वाटला, दोन बाजूंनी काढलेला. खाण कुठली, जंगल कुठलं हा फरक दाखवायला फिल्म केली होती, आणि एका सुंदर डिझॉल्व्हनं मी तो पुसून टाकला होता.

मग माझं आवडतं चित्र आलं, काळ्या भोकांचं आणि पांढऱ्या पानांचं जंगल. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते पुढे वाकले.

'जरलं का जी हे?'

मला आधी कळलं नाही. त्यांनी हातानं चादरीकडे दाखवलं. 'आमचं जंगल. जरलं?'

'नाही जी आजोबा, कारा-पांढरा पिक्चर आहे,' मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. आणि का पटावं? मार्च-एप्रिलमध्ये वणवा जाऊन गेलेलं जंगल असंच दिसतं. खाली काळं, वर राखेचा पांढरा थर, मधे खुंट. मोह वेचायला सोपं पडावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, ती आग हाताबाहेर जाते. हे होऊ नये म्हणून या गावची माणसं पाळीपाळीनं जंगलात फिरतात. वर्षभर राखलेलं जंगल मी त्यांना जळालेलं दाखवत होतो, तेही इफेक्टचे पैसे लावून.

त्याच्यापुढचा शॉट लिहायला जड जातंय. पहिल्या दिवशी, उजाडताना, मी ड्रोन मोहाच्या झाडांवर नेला होता. मोहफूल पहाटेपासून गळतं, बायका टोपल्या घेऊन येतात, ऊन चढेपर्यंत वेचतात. गावपाटलांना सांगितलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं मी धरून चाललो. पलीकडच्या टोल्यावरच्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं. गडचिरोलीत डोक्यावर ड्रोन घोंघावला की तो कुणाचा, कशासाठी, हे विचारायला कुणी थांबत नाही. त्या उठल्या आणि चालू लागल्या, मग पळू लागल्या. खालून तिरपं ऊन, प्रत्येकीच्या मागे तिच्या तिप्पट लांब सावली. माझ्या सगळ्या चित्रीकरणात तेवढा एकच शॉट काहीही न करता उत्तम होता. मला वाटलं होतं, काम आटोपून घरी निघाल्या असतील. मी तो अर्ध्या वेगानं लावला होता आणि खाली बासरी.

चादरीसमोर एकदम सामसूम झाली. मागच्या बायकांत कुजबुज. मग एक जण, रागानं नाही, हिशेब सांगावा तशी बोलली, 'टोपल्या तठंच रायल्या. ढोरायनं खाल्ला मोह.'

मी खिशात हात घातला, पैसे द्यायला. गावपाटलांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हात बाहेर काढला.

फिल्म पुढे सात मिनिटांची झाली. तो शॉट काढला, बासरी काढली, ग्रेन, ओरखडे, लुकलुक, रंगवलेलं ऊन, सगळं काढलं. ढिगारा आणि डोंगर यांच्यामध्ये कोरा काळा पडदा ठेवला आणि ढिगाऱ्याखाली साधं नाव लिहिलं. जंगलासाठी तिसऱ्यांदा गेलो, आदल्या रात्री गावात मुक्काम करून; दोन्ही टोल्यांवर स्वतः फिरून ड्रोन केव्हा, कुठून, किती वेळ उडणार ते सांगितलं. एक बाई म्हणाली, मोह संपल्यावर उडव. मोह संपायला एप्रिल उजाडला. तोवर दुपारी चाळिशीच्या पुढे पारा. ड्रोनच्या पुस्तिकेत ४० अंशांची मर्यादा छापलेली असते, म्हणजे मी मनात आणलं असतं तरी बारा वाजता उडवता आला नसता. साडेसहाला उडवला. रंगीत चित्रीकरण, लाल थोडा वर, हिरवा थोडा खाली, काळं जिथल्या तिथे. बांध्यांच्या धुऱ्यांना सावली आली आणि जमीन उठून दिसली. लागणारं एडिटिंग एका दुपारी झालं.

पळसाचा तो करडा शॉट मात्र मी शेवटच्या फिल्ममध्ये ठेवला. संस्थेतल्या ताई म्हणाल्या, काढून टाका, काही दिसत नाही त्यात. मी म्हणालो, राहू द्या. कारण त्या वर्षीचा बहर दुसरीकडे कुठे नाहीच माझ्याकडे.

गावात दुसऱ्यांदा दाखवली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं, 'भाऊ, यात पळस कोनता?' मी उठलो, चादरीजवळ गेलो आणि मोठ्या खात्रीनं एका झाडावर बोट ठेवलं.

'तो येन हाये जी,' तो म्हणाला, आणि शेजारच्या झाडावर बोट ठेवलं. त्याच्या मित्राचं म्हणणं, तोही नाही, बोडीकडचा. मग तिसरा उठला. चित्र केव्हाच पुढे सरकलं होतं; तिघांची बोटं आता चादरीवर नदीच्या पाण्यात होती आणि भांडण चालूच होतं.