वाजवून घेतलेले भांडे

गतवर्षी धानाची रोवणी चालू असताना आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्याकडे आला. त्याच्या शिक्षक वडिलांची पहिली पुण्यतिथी जवळ आली होती. स्मरणपुस्तिकेसाठी त्यांचे अल्पचरित्र आम्ही लिहावे, अशी त्याची इच्छा होती. आम्ही एका बैठकीत चार पाने लिहून दिली. ‘शांत’, ‘निगर्वी’, ‘मितभाषी’ अशी विशेषणे सढळ हाताने वापरली. दोन दिवसांनी त्याच्या मातोश्री ती पाने घेऊन आल्या. ‘फादर, लिहिलंत फार छान,’ त्या म्हणाल्या, ‘पण हे आमचे गुरुजी नव्हेत.’

त्या रात्री आम्हांला प्रा. न. र. फाटक यांचे स्मरण झाले. गुरुविद्यालयात असताना त्यांची पुस्तके आम्ही वाचली होती. १८९३ साली जन्मलेले नरहर रघुनाथ फाटक आधी पत्रकार होते आणि पुढे मुंबईच्या रुईया महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक झाले. १९२४ साली, ऐन तिशीत, त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांचे चरित्र लिहिले. पुढे एकनाथ, ज्ञानेश्वर व रामदास यांच्या वाङ्मयाची आणि कार्याची त्यांनी चिकित्सा केली. १९४७ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावरील ‘आदर्श भारत सेवक’ या चरित्राला १९७० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७९ साली ते निवर्तले. ‘अंतर्भेदी’ हे त्यांचे टोपणनाव. त्यांच्यातील समीक्षक आणि चरित्रकार वेगळे नव्हते. रूढ समजूत तपासल्यावाचून स्वीकारायची नाही, मग ती एखाद्या संताविषयी का असेना, हा त्यांचा बाणा होता. त्यापायी त्यांनी वादही ओढवून घेतले.

रानड्यांच्या चरित्रकाराची वाट किती अवघड, ते पाहा. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेले रानडे पहिली पत्नी वारल्यावर १८७३ साली वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी विवाहबद्ध झाले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या प्रकरणी त्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. हे प्रसंग गाळल्याने रानडे मोठे होत नाहीत; ते आपल्याला परके मात्र होतात. शिवाय त्याच अकरा वर्षांच्या मुलीला त्यांनी घरच्यांचा विरोध असताना शिकविले आणि त्यातून रमाबाई रानडे घडल्या, याचे मोलही मग उमगत नाही. उणीव झाकली की तिची भरपाईही झाकली जाते.

आमची चार पाने आम्ही पुन्हा वाचली. गुरुजी शांत नव्हते. चर्चच्या छपराच्या हिशेबावरून त्यांनी भर सभेत आमच्यावर आवाज चढविला होता. चूक आमचीच होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ती मुकाट्याने दुरुस्त केली. पण त्यांच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले ते दोन वर्षांनी, त्यांच्या अखेरच्या आजारात. तेव्हा त्यांनी आमच्यासाठी खुर्ची पुढे ओढायला लावली आणि त्या सभेचा विषय काढला नाही. ‘शांत’ हे विशेषण आम्ही त्यांच्या गौरवासाठी वापरलेच नव्हते. त्यामागे आम्ही स्वतः लपलो होतो.

आमचा भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. जाणती गृहिणी भांडे घेताना त्याच्या झळाळीवर भुलत नाही. बोटाने वाजवून त्याचा नाद ऐकते. चरित्रकाराचे कामही काहीसे असेच असावे. टिचकी मारणे म्हणजे अवमान नव्हे. अस्सल भांड्याला तिचे भय नसते.

आम्ही पाने नव्याने लिहिली. त्यांत ती सभा आली, आमची चूक आली आणि ती पुढे ओढलेली खुर्चीही आली. मातोश्रींनी ती सावकाश वाचली, डोळे टिपले आणि म्हणाल्या, ‘आता त्यांचा आवाज ऐकू येतो.’

पुण्यतिथीच्या दिवशी ते पान आम्ही सर्वांसमोर स्वतः वाचले. वाचताना आम्ही दोनदा अडखळलो.